तिसऱ्या टेकडीची माती

बर्फाच्या देशातली माती कशी असते असं कोणी विचारलं, तर मी मोठ्या अधिकाराने सांगतो: आपल्या रेतीसारखीच, जरा करडी, चिमटीत धरली तर खरखरीत. ऐकणाऱ्याला वाटतं हा गृहस्थ तिथे जाऊन आलाय. मी आयुष्यात सगळ्यात जास्त गारठलो तो चिखलदऱ्याला, तेही स्वेटर घरी विसरलो म्हणून. अंटार्क्टिकाला गेली ती माझी मैत्रीण. एमएस्सीला आम्ही एका बाकावर होतो आणि पुढे नागपुरात एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता म्हातारे व्हायला लागलो. ती कुहीकडच्या धानवाल्यांची मुलगी, चिखलात वाढलेली. मोहिमेसाठी कितीतरी वर्षं अर्ज करत राहिली. निवड झाली तोवर गुडघे बोलायला लागले होते. तरी गेली.

तिचा प्रश्न साधा होता. तिथे बर्फाने न झाकलेल्या काही टेकड्या असतात आणि त्यांच्या मातीत डोळ्यांना न दिसणारे प्राणी राहतात. त्यांतले रोटिफर आमचे लाडके. थेंबभर पाण्यात अंग आखडत-पसरत चालतात आणि तोंडाशी बारीक केसांची दोन वर्तुळं अशी हलवतात, की दोन चाकंच फिरताहेत असं वाटावं. माती गोठली किंवा वाळली की निपचित पडतात, ओल मिळाली की उठून जेवायला बसतात. दिसायला सगळे भाऊ-भाऊ. पण मधल्या बर्फामुळे पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या टेकडीवर अडकून पडलेले हे जीव आतून, म्हणजे डीएनएनं, वेगवेगळे झालेत का, हे तिला पाहायचं होतं.

तीन टेकड्यांची माती तिने आणली. दोन टेकड्या मुक्कामाजवळच्या. तिसरी लांब, एकटी. तिथे तिला एकदाच जाता आलं, त्याच गुडघ्यांवर, हवा बिघडायच्या आत, आणि हाती लागली ती मूठभर माती. पुढच्या मोसमात तिथल्या सहकाऱ्यांनी कळवलं, की वरचा बर्फ वितळून तो उतार धुऊन गेला. तेव्हा त्या उताराची जी काय माती उरली होती, ती आमच्या डीप फ्रीझरमध्ये, एका डबीत.

पहिल्या दोन टेकड्यांचं काम तिने हिवाळ्यात स्वतः उरकलं. त्यांचे रोटिफर एकमेकांपासून जरासे वेगळे निघाले. जरासे म्हणजे कसे, तर वाद घालता येईल इतपत. तिसरी टेकडी काय म्हणते यावर सगळं अडलं होतं. तेवढ्यात गावी तिची आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती रजा टाकून कुहीला निघाली. मी म्हटलं, तिसरीचं मी पाहतो.

"तू उन्हाळ्यात हात लावू नको गा," ती म्हणाली. "जून जाऊ दे. आणि लावलाच, तर अर्धी माती ठेवून दे."

"मले काय लहान पोरगं समजून राहिली का तू?"

"लहान पोरगं ऐकते तरी."

आता मी का थांबलो नाही, याचं मला आजवर एकही शहाणं कारण सापडलेलं नाही. तिने परत यावं आणि टेबलावर उत्तर तयार असावं, एवढंच. मला तो क्षण दिसत होता. ती दारातून येते, मी काही न बोलता कागद पुढे सरकवतो, वगैरे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यात असली नाटकं चालतात, हे विद्यार्थ्यांना कळत नाही म्हणून बरं.

मे महिना लागला आणि प्रयोगशाळेचा एसी बंद पडला. मे महिन्यात नागपुरात एसी दुरुस्त करणाऱ्याचा भाव नवरदेवापेक्षा जास्त असतो. तो "येऊन राहिलो सर, येऊनच राहिलो" म्हणत राहिला आणि आला नाही. पण मी तर माती आधीच बाहेर काढली होती. टिश्यू पेपरात बांधून, बशीतल्या गार पाण्यात ठेवून, बशा बर्फाच्या ट्रेवर. प्राणी रांगत पाण्यात उतरतात आणि आपण त्यांना पिपेटने उचलतो, अशी रीत. बर्फाचं बघता बघता पाणी होत होतं. प्राणी उतरत नव्हते. म्हणून अर्धी राखलेली मातीही मी बशांत टाकली. आणि मग अस्सल नागपुरी डोकं चाललं. ऑफिसातला कूलर ओढत आणला, टाकी भरली, वाळ्याच्या ताट्या चिंब केल्या आणि त्याचं तोंड बशांकडे केलं. काय गार, सुवासिक हवा होती. अंटार्क्टिकाच्या जिवांना मी वाळ्याचा वास दिला.

दुसऱ्या दिवशी बशा गजबजल्या होत्या. चाकं फिरताहेत, पोटं भरताहेत. मी हात जोडले.

डीएनएचा निकाल आला तो असा: तिसऱ्या टेकडीचे रोटिफर पहिल्या दोघींशी अजिबात जुळत नाहीत. जरासे नाही, कुठल्या कुठे. मी संत्रा बर्फी आणली, विभागात वाटली, बशांसमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, तिसरी टेकडी बोलली. तिचा गावाहून फोन आला. आईच्या औषधाच्या वेळा सांगता सांगता ती मधेच रडली, आनंदाने. तिने परिषदेसाठी गोषवारा पाठवून दिला.

जूनमध्ये ती आली. माझ्या नाटकाप्रमाणे दारातूनच आली, पण कागद सरकवायची वेळच आली नाही, तिच्या हातात फोन होता. त्यावर माझा फोटो, बोटांनी मोठा केलेला.

"हे मांगं काय दिसून राहिलं?"

"कूलर."

"चालू होता?"

"मे महिना होता वं. बंद ठेवून काय करू?"

"मातीशिवाय, नुसत्या पाण्याची एक बशी ठेवली होती का बाजूले?"

ही बशी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही आम्ही ठेवायला लावतो. तीच बशी मी ठेवली नव्हती.

ती उठली, कूलरच्या ताटीतून चिमूटभर वाळा तोडला, पाण्यात पिळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ पाहत राहिली. मग बाजूला झाली आणि मला जागा दिली. दोन चाकं फिरत होती, अगदी तब्येतीत. डीएनएही करून पाहिलं. ते बशीतल्यांशी जुळलं; आम्हा दोघांनाही उत्तर आधीच माहीत होतं. माझी तिसरी टेकडी ताटीवरून उडालेल्या तुषारांतून आली होती. खऱ्या तिसऱ्या टेकडीचे, असतील तर, त्या उकाड्यात संपले असणार.

"थोडी माती ठेवली ना?" एवढंच तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. गोषवारा मागे घेत असल्याची मेल तिने माझ्यासमोरच लिहिली, त्यात माझं नाव कुठेच घातलं नाही. "नमुना दूषित झाला," एवढंच लिहिलं. मला वाटलं होतं ती भांडेल. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो, दोन-तीन उत्तरंही जुळवली होती. ती उत्तरं तशीच राहिली.

झालेली गोष्ट मात्र मी तशीच राहू दिली नाही. गोष्ट हसण्याजोगी होती, आणि हसण्याजोगी गोष्ट माझ्या पोटात टिकत नाही. चहाच्या टपरीवर सांगितली, स्टाफरूममध्ये सांगितली, पाहुण्या परीक्षकांना सांगितली. दर वेळी जरा मीठमसाला वाढवला. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. आपणच आपली टर उडवली की हिशेब मिटला, अशी माझी समजूत.

हिवाळ्यात तिने विभागाच्या सभागृहात आपल्या कामावर व्याख्यान दिलं. पडद्यावर नकाशा. दोन टेकड्यांवर रंगीत ठिपके, तिसरीवर नुसतं पोकळ वर्तुळ. शेवटी एका बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी हात वर केला. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, तिसऱ्या टेकडीवर काय मिळालं?

सभागृह हसलं. पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत, चांगलं मनमोकळं. काहीजणांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा सवयीने हसऱ्या बेतात होता, तो कुठे न्यावा मला कळेना.

ती हसू ओसरेपर्यंत थांबली, एक हात टेबलावर टेकून, गुडघ्यावरचा भार कमी करत. मग त्या प्राध्यापकांकडे पाहून म्हणाली, "माहीत नाही."

"पुन्हा माती आणता येईल?"

"नाही," ती म्हणाली, आणि पुढचं चित्र लावलं.