नत्थुजीनं दाखवलेलं घर

अमरावतीच्या नागपुरी दरवाजाबाहेर कापसाच्या गाड्या सुटायच्या, त्या मैदानाच्या कडेला नत्थुजी न्हावी बसायचा. वस्तरा तो बरा चालवायचा, पण नाव होतं ते त्याच्या मालिशीचं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. मुंबईकडचे दलाल, गुमास्ते घरदार सोडून महिनोन्‌महिने इथंच मुक्काम ठोकून राहू लागले. पाठ रगडून घेता घेता त्यातला एखादा हळूच म्हणायचा, "नत्थुजी, तुझा हात दांडगा आहे. मऊ हात कुठं मिळेल?" नत्थुजी हसून नाचणाऱ्या बायांच्या गल्लीकडे बोट दाखवायचा. कुणी रस्ता विचारला, आपण सांगितला, एवढंच त्याला वाटायचं.

हरकिसन नावाच्या गुमास्त्याला मात्र ती गल्ली नको होती.

"तिथं मला चार माणसं ओळखतात," तो म्हणाला. "शेठच्या कानावर गेलं तर मी घरी बसेन. साध्या वस्तीतली, हातात कसब असलेली कुणी बघ. दिवस-वेळ तूच ठरवून दे. पेढीवरच्या सगळ्यांची हजामत मग तुझ्याकडे."

धुळीत बसून बसून नत्थुजीची उमर गेली होती. पेढीच्या ओसरीवर सावलीत बसायला मिळेल, हे त्याच्या मनात रुतून बसलं. आणि त्याला पार्बताबाई आठवली.

पार्बताबाई त्याच्याच आळीतली विधवा, चाळिशीची. बाळंतिणींना तेल लावायचं, तान्ह्या लेकरांना मांडीवर घेऊन न्हाऊ-माखू घालायचं, यावर तिचं पोट. आळीतली निम्मी लेकरं तिच्या हाताखालून गेलेली.

"शेटचा मानूस हाय, पाठ धरली त्याची," नत्थुजीनं तिला सांगितलं. "माह्या हातानं उतरून नाई राहिली. तुमी एकडाव पाहा."

"मी आजपावतर बायंतिनी अन् लेकरंच चोयली, नत्थुजी. बाप्याले हात लावला नाई कधी."

"दुखनेकऱ्याले बाई काय अन् बाप्या काय? दिवसाउजेडी येईन, दार उघडं ठेवा. मी सांगून राहिलो ना."

त्या शेवटच्या शब्दावर ती राजी झाली. नत्थुजीला ती भावासारखा मानत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरकिसन आला. पार्बताबाईनं शेगडीवर तेल कोमट करायला ठेवलं होतं. त्यानं आत येताच दार लोटलं आणि तिचा हात धरला. तिनं तेलाची वाटी त्याच्या छातीवर उपडी केली आणि अशी ओरडली की आळीतली बायामाणसं हातातलं काम टाकून धावली.

हरकिसन अंगरखा झटकत म्हणाला, "माझ्यावर कशाला ओरडता? मी ठरवून आलो आहे. विचारा त्या न्हाव्याला."

नत्थुजीला बोलावून आणलं. पार्बताबाई उंबऱ्यात उभी होती, पदर दातांत धरून.

"सांगा, नत्थुजी," ती म्हणाली. "तुमी मले काय सांगतलं होतं?"

खरं बोलायला चार शब्द पुरले असते. नत्थुजीनं हरकिसनकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मले काई मालूम नाई," तो म्हणाला, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. मग ठरवलं ते हिनंच, असं आळीनं धरलं.

घरी बायको रुख्मिणीनं विचारलं, "तुमी बोलले कावून नाई?" तो भिंतीकडे तोंड करून निजला.

दुसऱ्या सकाळी पार्बताबाई आळीतल्या माणिकबाईच्या सुनेला तेल लावायला गेली. सून बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते. माणिकबाईनं दारातूनच सांगितलं, "तुहा हात आता आमच्या लेकराले नोको." महिन्याभरात एकही घर उरलं नाही. पार्बताबाई एका कापसाच्या गाडीवर बसून अकोल्याला निघून गेली. नत्थुजीनं ती गाडी दरवाजातून जाताना पाहिली. हातातला वस्तरा त्यानं खाली ठेवला नाही.

लढाई संपली, भाव कोसळला, गुमास्ते आले तसे पांगले. पेढीची ओसरी नत्थुजीला मिळाली ती जेमतेम चार महिने. पुढे आगगाडी सुरू झाली, तेव्हा तो बडनेऱ्याहून अकोल्याला गेला. शोधत शोधत तिसऱ्या दिवशी त्याला पार्बताबाई सापडली, एका वखारीत कापूस निवडणाऱ्या बायांच्या रांगेत. केस पिकले होते. बोटांना चिरा पडल्या होत्या.

"चाला वापस," तो म्हणाला. "मी चारचौघांत खरं सांगतो. चूक माही होती."

तिनं हातातला पुंजका साफ करून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तवा इचारलं होतं मी तुमाले. आता ते लेकरं पायानं चालाले लागले असतीन. कोनाले सांगसान?" आणि शेजारणीला म्हणाली, "सरक वं जरा, उजेड येऊ दे."

तो एकटाच परत आला. आल्या आल्या आळीतल्या पारावर बसून त्यानं सगळं सांगितलं: गुमास्ता काय म्हणाला, आपण तिला काय थाप मारली, का गप्प बसलो. पार्बताबाईचा दोष नव्हता, हे त्यानं दोनदा सांगितलं.

लोकांनी ऐकून घेतलं. कुणीतरी विचारलं, "कोन पार्बताबाई? ते गुमास्तेवाली?"

नत्थुजीनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, पण तोवर माणसं उठायला लागली होती.