छापील वादळ

अन्याय झाला तो कळसाडीच्या माझ्या मावशीवर. मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, तिच्याच ओट्यावर. आरोपी मी. वर चहाही तिचाच पीत होतो.

आजवर लिहिलेल्या प्रत्येक पत्रकात दोषी दुसरंच कुणीतरी असायचं. फार सोयीचं असतं ते. या वेळी ती सोय नाही.

झालं असं की धडगावच्या घाटरस्त्यासाठी आम्ही शहाद्यात धरणं ठरवलं होतं. अरबी समुद्रात चक्रीवादळ आहे, मंडप टाकू नका, असं सांगून परवानगी पुढे ढकलली गेली. माझं डोकं फिरलं. समुद्र सुरतेपलीकडे आणि मंडप शहाद्यात! रविवारी सकाळी फोनवर हवामान खात्याचा नकाशा उघडला. समुद्रात एक टिंब, टिंबातून निघालेली रेघ, आणि रेघ थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर. रेघेच्या दोन्ही बाजूंना रुंद होत जाणारा शंकू होता. तो शोभेसाठी काढलाय असं मी ठरवलं. आमचा जिल्हा शंकूच्या पार बाहेर. सापडला पुरावा! दुपारपर्यंत मजकूर तयार. 'वादळ सौराष्ट्रात, भीती शहाद्यात का???' प्रश्नचिन्हं तीन, कारण एका प्रश्नचिन्हाने कुणी जागं होत नाही असा माझा अनुभव. खाली तो नकाशा, ठळक.

सोमवारी छापखान्यात गेलो. मालकाने नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"भाऊ, हाऊ नकाशा कव्हयना शे?"

"कालदिनना."

"मंग वादळ कालपासून तठेच उभं शे का, तुन्ही वाट दखत?"

मी त्याला जनजागृतीत विनोद आणू नये, असं ऐकवलं. त्याने खांदे उडवले आणि यंत्र चालू केलं. शाई वाळेपर्यंत संध्याकाळ झाली. पत्रकांच्या घड्या घालताना मी स्वतःवर इतका खूश होतो की फोन बघायचं सुचलंही नाही. बघायचं काय? सत्य छापून झालं होतं.

मंगळवारी पहिला गठ्ठा घेऊन मावशीकडे. तिची दीड एकर केळी कापणीला आलेली, घड भरून झाडं पुढे झुकलेली. वारा सुटायच्या आत घडांना पट्ट्या बांधायच्या, झाडाला झाड जोडायचं, कडेच्या रांगांना बांबूचे टेकू द्यायचे, म्हणून तिने माणसं सांगून ठेवली होती.

"मानसे येतीन दुपारले. येऊ देऊ का नको?" तिने विचारलं.

मी पत्रक तिच्या हातात दिलं. "कसाले, मावशी? वादळ सौराष्ट्रमा जाई ऱ्हायनं. तुले उगाच घाबराडतस."

मावशी अक्षरं लावून लावून वाचते. तिच्या घरात छापील म्हणजे पंचांग आणि लग्नपत्रिका. दोन्हींत लिहिलेलं घडतंच. तिने नकाशावर बोट फिरवलं, शीर्षक वाचलं, माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "तू छापेल शे ना, मंग खरंच ऱ्हाई." आणि माणसांना निरोप गेला, नका येऊ.

बुधवारी दुपारी वारा आला. वादळ वाटेत पूर्वेकडे वळलं होतं, जमिनीवर येऊन निम्मं झालं होतं, पण केळी मोडायला निम्मं वादळही पुरतं. तासाभरात झाडं कमरेतून मोडली. मी पोचलो तेव्हा मावशी बांधावर उभी होती. मी विचारलं, पंचनाम्यासाठी अर्ज लिहू का? एवढंच येतं मला.

"वारा तुन्हा कागद वाचीसन नही उना, बेटा," ती म्हणाली. "चल, चहा ले."

शिव्या दिल्या असत्या तर निषेध नोंदवता आला असता.

मग लोणखेड्याच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो, पत्रक घेऊनच. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.

"ही रेघ म्हणजे केंद्राची वाट. आणि हा शंकू म्हणजे ते केंद्र कुठे कुठे सरकू शकतं ते. वारा शंकूच्याही बाहेर जातो. तुम्ही बारावीत भूगोल घेतला होता ना?"

"हो."

"कुणाकडे?"

"तुमच्याकडे, मॅडम."

त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि पुन्हा शिकवलं. समुद्राचं पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांवर तापलं की दमट हवा वर चढते. तिचे ढग होताना पोटातली उष्णता सुटते, त्याने आणखी हवा चढते, खाली दाब घटतो. ती जागा भरायला वारा चहूकडून धावतो, पण पृथ्वी फिरत असल्याने सरळ पोचत नाही, आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट गरगरतो. जमिनीवर आलं की कोमट पाण्याचा पुरवठा तुटतो आणि ते विरतं. तापणं, चढणं, गरगरणं, जमीन लागली की विरणं. मला माझी भाषणं आठवली.

"आणि माग कसा काढतात?"

"उपग्रह वरून डोळा शोधतो. समुद्रात तरंगणारे बोये दाब आणि पाण्याचं तापमान कळवतात, किनाऱ्याजवळ आलं की रडार. वर वारा बदलला की वाट बदलते, म्हणून दर तीन तासांनी नवं बुलेटिन. तुम्ही दोन दिवसांपूर्वीचं वाटलंत."

रविवार संध्याकाळचं बुलेटिन मी नंतर शोधून पाहिलं. रेघ तेव्हाच आमच्या बाजूला झुकू लागली होती. मावशीकडे कीपॅडचा फोन आहे, तिला तो नकाशा दिसणार नव्हता. तो माझ्या खिशात होता. ओट्यावर बसून एकदा उघडला असता तर दुपारी माणसं आली असती.

आता तुम्ही. हो, तुम्हीच. समुद्रात पुढचा कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ताजं बुलेटिन उघडा, शेजारच्या शेतावर जा आणि मोठ्याने वाचून दाखवा. अहिराणीत, भिलोरीत, जी भाषा त्या घरात चालते तीत. आधी वेळ सांगा, मग वादळ. तीन तासांनी पुन्हा जा. तेवढी पायपीट होत नसेल तर तोंड बंद ठेवा, म्हणजे लोक निदान आपल्या अकलेने केळी बांधतील.