खिडकीखालचा माणूस

देवळीला मी मुलींची इंग्रजीची शिकवणी घेतो. विशेषण आणि क्रियाविशेषण चालू होतं, तेव्हा एक माणूस रोज खिडकीखाली सायकल घेऊन उभा राहायचा. फळ्याजवळून फक्त मलाच दिसायचा. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं सारखं तोंड पुसायचा. मला त्याचं लक्षण ठीक वाटेना. एक दिवस मी खिडकी लावली. शिकवणी सुटल्यावर त्यानं मला दारात गाठलं.

"काऊन लावली, सर? माही पोरगी घरी बोलतच नाई. इथं तरी तिचा आवाज आयकू येते."

"कोणती?"

त्यानं सांगितलं नाही. माझा संशय वाढला.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी ठेवली आणि एकेकीला फळ्याजवळ बोलावून 'स्लो' आणि 'स्लोली'तला फरक विचारला. एकच मुलगी बाहेर बघून गप्प झाली.

मी खिडकी लावली. तेव्हा ती बोलली.