भुतांची दृष्ट

नाताळच्या रणरणत्या दुपारी भुतांचा सिनेमा लावणाऱ्याला काय म्हणावं? दक्षिण गोलार्धात नाताळ भर उन्हाळ्यात येतो; आमच्या लोअर हटच्या घरात एवढा उजेड, की टीव्हीवर एक भूत धड दिसेना. शेवटी मी चिडून खिडकीवर सतरंजी टांगली.

या भुतांच्या कुटुंबाची विनोदी मालिका लहानपणी पुण्यात आई, मी आणि माझे दोघे भाऊ न चुकता बघायचो. आता या सिनेमात तीच नटमंडळी म्हातारी होऊन नाताळासाठी पुन्हा एकत्र जमली होती. पुण्याहून आलेली आई, मी आणि माझी लेक हसून हसून लोळलो. "आजी, दे आर नॉट ईव्हन स्केरी!" लेक म्हणाली.

शेवटी सगळी भुतं एका टेबलाशी जेवायला बसली. तशी आई उठली, स्वयंपाकघरातून मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि मूठ चक्क टीव्हीवरून ओवाळू लागली.

"अगं, भुतांची कसली दृष्ट काढतेस?"

"तुम्ही तिघं भावंडं तीन देशांत," आई म्हणाली, "आणि यांचं सगळं घर एकत्र जेवतंय. माझीच नजर लागायची त्यांना."