दोघांच्या मापाची खिडकी

आमच्या वस्तीवर कुणी विचारलं, पुण्यात काय करतेस, तर मी सांगते, घरांचे नकाशे. खरं सांगितलं की पंचाईत होते. एकदा शेजारच्या मळ्यातल्या काकांना खरं सांगून बसले, की अंतराळात माणसं राहायला जातात ना, त्यांच्या राहायच्या जागेची आतली मांडणी आम्ही करतो. काका बराच वेळ तंबाखू मळत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी तितं बी वन बीएचके का?" त्यानंतर गावात, डिंगोऱ्यात, कुठंही गेले तरी लोक विचारायचे, काय ताई, वरती प्लॉटचा काय भाव चाललाय.

काम तसं सांगायला सोपं आहे. शेडमध्ये प्लायवूडची खऱ्या मापाची जागा उभी करायची, तिच्यात चार माणसं काही आठवडे कोंडायची आणि ती कशी राहतात ते बघायचं. बघणं माझ्याकडं. नकाशे काढणारी मंडळी हुशार आहेत, पण त्यांच्या नकाशातला माणूस फार शहाणा असतो. तो टेबलावर जेवतो, कपड्यांच्या कप्प्यात कपडे ठेवतो, झोपायच्या जागी झोपतो. खरा माणूस असलं काही करत नाही. आमच्या चौघांनी टेबलावर सामान रचलं आणि जेवायला बसायला लागले ते बोळात, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. कारण तिथं बसलं की आतल्या खोलीत यंत्रावर काम करणाऱ्याशी बोलता यायचं. एकानं ओले मोजे तातडीच्या दाराच्या हँडलला वाळत घातले. नकाशावाला तणतणत आला, यांना शिस्त लावा म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, माणसं बदलायला निघालास होय? बोळ रुंद कर आणि मोज्यांना दोरी दे.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मी ते घरी शिकले.

आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. तिन्ही बाजूंनी ऊस. गोठा पूर्वी अंगणापलीकडं होता. पहाटे आबा, म्हणजे माझे वडील, बॅटरी घेऊन धार काढायला जायचे आणि मागून आई चहा घेऊन जायची. दोघांचं जे काही बोलणं असेल ते तेवढ्यात व्हायचं. कुणाचं लग्न, कुठल्या वावरात पाणी, पोरीचा फोन आला का. एकदा ते झालं की दिवसभर दोघं आपापल्या कामाला, फारसं बोलायची गरजच पडत नसे.

मग उसात बिबटे वाढले. आमच्याकडं बिबट्याला सरळ वाघच म्हणतात. आधी काकांची कालवड गेली, मग आमचं कुत्रं गेलं, आणि एका पहाटे आई चहा घेऊन निघाली तर वाघ अंगणात उभा, गोठ्याच्या आणि तिच्या मधोमध. ती जागेवर थिजली. आबांनी गोठ्यातून किटली बडवली तेव्हा तो उसात गेला, तोही अगदी सावकाश. आईनं मला हे फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "चा सांडला समदा."

मी म्हटलं, गाय विका. दोघंही फुगून बसले. मग मी रजा काढून घरी गेले आणि शेडमधल्या चौघांना बघते तसं त्या दोघांना बघत बसले. आई स्वयंपाक बसूनच करते. मी हौसेनं बांधून दिलेल्या ओट्यावर तिनं डबे मांडलेत आणि गॅस खाली जमिनीवर घेतलाय. आबा धार काढताना उकिडवे बसायचे, डावा कान घराकडं करून, कारण उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नव्हतं. एवढं कळल्यावर मी कागदावर रेघ ओढली. अंगणापलीकडचा गोठा मोडून नवा गोठा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून घेतला, चारी बाजूंनी लोखंडी जाळी. मागच्या दारातून गोठ्यात जायला जाळीचाच बोळ. आणि मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी, जमिनीपासून हातभर उंच, आत बसलेल्या बाईच्या आणि पलीकडं बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी. गवंडी म्हणाला, "ताई, खिडकी कुठं इतकी खाली असती का?" म्हटलं, भाऊ, सांगते तसं कर.

त्या खिडकीतून सकाळी चहा पलीकडं जायचा आणि दुधाची किटली अलीकडं यायची. कप घेताना आबा रोज म्हणायचे, "आज साखर इसरली वाटतं." आई रोज म्हणायची, "इसरली न्हाई, डाक्टरनी बंद केलीया." मी घरी असले की अंथरुणात पडून ऐकायची. आबा मला म्हणाले, "तुज्या वरच्या लोकांस्नी बी अशी खिडकी कर. चा गार व्हत न्हाई." आणि मी खरंच केली. जेवण गरम करायच्या कोपऱ्यातून यंत्राच्या खोलीत उघडणारी. बोळात बसणारे चौघं हळूहळू तिच्याजवळ सरकले. मीटिंगमध्ये साहेबांनी कौतुक केलं. ती खिडकी कुठून आली हे मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी घरी जाताना गाडीत एकटीच हसत होते.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं. मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. त्या दिवशीची धार त्यांनी काढली होती. दुधाची किटली खिडकीत तशीच होती, कुणी आत घेतली नव्हती.

दहावा झाला, तेरावा झाला, मग पाहुणे ठरवायला बसले. लोणीचे मामा म्हणाले, गाय बेल्ह्याच्या बाजारात न्या आणि अक्काला पुण्याला न्या, वाघाच्या तोंडाशी एकटी बाई ठेवायची का? मलाही तेच वाटत होतं. आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मी कुटं जाणार न्हाई. धार मी काढीन." मामा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, थोडे दिवस बघू. आईला त्या घरात एकटीनं राहता येतंय का, एवढाच प्रश्न होता. त्याच्यापुढं मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी बघितलं. आईनं चहा ठेवला, एक कप गाळला आणि बसल्या जागेवरून हात लांबवून खिडकीत ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, मागचं दार उघडून जाळीच्या बोळातून फिरून गोठ्यात गेली आणि आबांच्या जागी उकिडवी बसली. धार काढता काढता तिनं पलीकडून हात घातला, कप घेतला आणि चहा संपवला. धार झाल्यावर किटली खिडकीत ठेवली, परत सगळा फेरा मारून आत आली, पाटावर बसली आणि किटली आत घेतली. खिडकीच्या दोन्हीकडचं माणूस आता ती एकटीच होती.

वेड लागलं म्हणावं तर बोलण्याचालण्यात कुठं काही वावगं नाही. मी विचारलं, "आई, कप हातातच का नेत नाहीस?"

"दार लावाया दोन्ही हात लागत्यात," ती म्हणाली.

ते खरं होतं. वाघाच्या भीतीनं मीच कडी घट्ट बसवून घेतली होती. पण कारण ते नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मग मी ते स्वयंपाकघर नीट बघितलं. गॅस खिडकीकडं, पाट खिडकीकडं, बल्ब खिडकीवर, मिसरीच्या डबीचा कोनाडासुद्धा खिडकीशेजारी. आई तिथं कशीही बसली तरी तिचं तोंड आबांकडं व्हावं असं ते सगळं मी वळवून ठेवलं होतं. माझं चुकलं असतं तर बरं झालं असतं. वेडंवाकडं बांधलं असतं तर आज ती कुठंतरी भलतीकडं तोंड करून बसली असती आणि जरा तरी सुटली असती. पण काहीच चुकलं नव्हतं. सगळं अगदी त्यांच्या मापाचं झालं होतं, दोघांच्या मापाचं, आणि त्याचंच मला रडू येत होतं.

पुण्याला परतले तर शेडमध्ये नवा नकाशा तयार होता. आता चौघांच्या सवयी आम्हाला पाठ झालेल्या. कोण कुठं टेकतो, कोण कुठल्या हातानं काय घेतो, सगळं त्यात बसवलेलं, बोटभर जागा वाया नाही. सगळे खूश. मी विचारलं, "चौघांतला एक गेला तर?"

"गेला म्हणजे?" नकाशावाला म्हणाला.

"मेला तर. त्याची खुंटी, त्याची टेकायची जागा. बाकीच्या तिघांनी रोज तिकडं तोंड करून जेवायचं का?"

कुणीतरी म्हणालं, ते वैद्यकीय विभागाचं काम. मी भडकलेच. म्हटलं, खुंटी आपण ठोकायची आणि काढायला वैद्यकीय विभाग येणार होय? साहेब शांतपणे म्हणाले, तुमच्याकडं काही उपाय आहे का? मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले आणि दुपारभर मोज्यांच्या दोरीची मापं घेत बसले.

त्या शनिवारी परत घरी गेले. वाटेत एवढंच ठरवलं होतं, की निदान मी असेन तेव्हा तरी कप आतून कुणीतरी द्यायला हवा. रविवारी सकाळी आईला म्हटलं, "चहा मी करते, तू जा धार काढायला." ती किटली घेऊन गेली. मी बिनसाखरेचा चहा केला, तिच्या पाटावर बसले आणि खिडकीतून कप पुढं केला. पलीकडं धारेचा आवाज थांबला. तिचा हात आला, ओला, दुधाचा. कपाऐवजी माझ्या बोटांवर आला आणि तसाच राहिला.

"बाय," ती म्हणाली, "तू कवा जाणार?"

"आज संध्याकाळी."

"मंग नको दिऊस."

"असं काय करतेस? एक दिवस तरी देऊ दे ना मला."

गाय गव्हाणीत तोंड घालून खात होती. आईचा चेहरा मला दिसत नव्हता, खिडकी त्या मापाची नव्हतीच.

"आता मी एकाचीच वाट बघती," ती म्हणाली. "तू सवय लावली, तर उद्यापासनं दोघांची बघावी लागंल."

मी कप खिडकीत ठेवला आणि हात मागं घेतला. काही वेळानं धारेचा आवाज परत सुरू झाला. कप तिथंच होता. मी पाटावरून उठून बाहेरच्या खोलीत गेले, तेव्हा कुठं तिनं तो उचलला.