चौदा ट्यूबांची राखण

मामा काहीही मोजायचे ते हात लावूनच. खुर्च्या असोत, बीकर असोत की प्रॅक्टिकलला आलेली पोरं, नुसत्या नजरेनं मोजलेलं त्यांना चालायचं नाही. बीडच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे मदतनीस होते. एकदा बाहेरून तपासणीला समिती आली. चहा किती सांगायचा म्हणून मामांनी चारही पाहुण्यांच्या खुर्च्यांना मागून हात लावून आकडा पक्का केला. त्यातले एक गृहस्थ दचकून उभेच राहिले.

"मामा, चारच तर माणसं होती. दिसत नव्हती का?" मी नंतर विचारलं.

"दिसत हुती की. पर हात लावल्याबिगर त्याला मोजणं म्हणत न्हाईत म्याडम."

ही सवय घरची. नेकनूरच्या पुढं त्यांचं गाव आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. संध्याकाळी मेंढरं आत घेताना एकेकीच्या पाठीवर हात ठेवायचा, म्हणजे मोजणीही होते आणि कुणाला ताप आहे, कोण खंगलंय तेही कळतं. असं माणूस तुमच्याही पाहण्यात आलं असेल. आपण त्याला हसतो आणि अडचण आली की त्यालाच हाक मारतो.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. विषय होता उन्हाचा ताण. माणसाच्या पेशीला फार उष्णता लागली की ती स्वतःच एक प्रथिन तयार करते आणि ते प्रथिन आतल्या बाकीच्या प्रथिनांची घडी विस्कटू देत नाही. हे प्रथिन हल्ली जिवाणूंकडून बनवून घेतात आणि शुद्ध करून संशोधनासाठी विकतात. मी ते परदेशातून मागवलं होतं. दोन महिन्यांनी थर्माकोलच्या खोक्यात, कोरड्या बर्फाच्या धुरात ते आलं. थेंब थेंब भरलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या चौदा ट्यूब.

"म्हंजे माणसाचं हाय, पर माणसातून काढलं न्हाई?" मामांनी विचारलं.

"नाही. जिवाणूंकडून करून घेतलंय."

"मंग सोपं हाय. आई मेलेलं कोकरू आमी शेळीला लावतो, तसं." मग म्हणाले, "आन्‌ ताण आला की हे अंगात तयार हुतं? मंग आमच्या घरी किलोनं निघंल."

मी पोट धरून हसले. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

प्रयोग सुरू केले आणि काहीच जमेना. एकदा, दोनदा, चारदा. प्रथिन ट्यूबमध्ये होतं, पण काम करत नव्हतं. मुदत संपत आली होती. माझे मार्गदर्शक फोनवर "पुन्हा करा" एवढंच म्हणायचे. मी पाणी बदललं, रसायनं बदलली, स्वतःच्या अकलेवर संशय घेतला.

मग एका सकाळी मी नेहमीपेक्षा तासभर लवकर गेले. मामा खिडकीपाशी उभे होते. डीप फ्रीजरमधला ट्रे टेबलावर काढलेला. एकेक ट्यूब ते चिमटीत धरत, उजेडात बघत, तळव्यावर टेकवत आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवत. "अकरा... बारा..." ट्यूबमधला थेंब वितळलेला मला दारातून दिसत होता. हे प्रथिन एकदा वितळून पुन्हा गोठलं की थोडं बिघडतं. मामा ते रोज सकाळ-संध्याकाळ वितळवत होते.

"काय करताय तुम्ही?" मी ओरडलेच.

"मोजतोय म्याडम, रोजच्यावानी. सगळ्या हायत."

"सगळ्या मेल्यात! तुमच्या हातानं मेल्यात! माझी दोन वर्षं घालवलीत तुम्ही!"

मामांनी राहिलेल्या दोन ट्यूब मोजल्याही नाहीत. ट्रे आत ठेवला, फ्रीजरचं दार लावलं आणि हात शर्टाला पुसले. मी त्याच दिवशी विभागप्रमुखांना लेखी दिलं, की मदतनिसाच्या निष्काळजीपणामुळं माझा प्रयोग बिघडला.

चौथ्या दिवशी भांडी विसळताना मला लख्ख आठवलं. ट्यूब आल्या त्याच आठवड्यात मला एक सापडेना. तासभर शोधाशोध, चिडचिड, आणि शेवटी ती माझ्याच टेबलावर निघाली. तेव्हा मीच मामांना म्हणाले होते, "यापुढं सकाळ-संध्याकाळ तुम्ही मोजत जा. एकही कमी होता कामा नये." फ्रीजर उघडला तरी ट्यूबांना हात लावायचा नाही, हे सांगायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. मोजणं म्हणजे काय, हे त्यांनी मला कितीदा सांगितलं होतं!

मग मी काय केलं? काही नाही. ते कबूल करायचं म्हणजे लेखी दिलेलं परत घ्यायचं, मार्गदर्शकांना सांगायचं. उद्या सांगू, नव्या ट्यूब आल्या की सांगू, प्रबंध दिला की सांगू. माझ्या त्या कागदावरून मामांची बदली कॉलेजच्या फाटकावर झाली होती. येता-जाता ते मला नमस्कार करायचे. मीही करायचे, पण गाडी न थांबवता.

पावणेदोन वर्षं अशीच गेली. माझा प्रबंध मंजूर झाला. मामा आजारी पडले, रजेवर गेले आणि एका सोमवारी स्टाफरूममध्ये कुणीतरी चहा पिता पिता म्हणालं, "फाटकावरचे मामा गेले ना."

दहाव्यानंतर मी नेकनूरच्या एसटीत बसले. तिथून पुढं पायी. त्यांच्या बायकोनं पोतं अंथरलं, पाणी दिलं.

"मामी," मी म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचंय. त्या ट्यूब मामांनी बिघडवल्या नव्हत्या. मोजायला मीच सांगितलं होतं."

मला वाटलं, त्या रडतील, नाहीतर मला बोलतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हाईत हाय. ते पहिल्याच दिशी बोललते."

"मग ते मला का नाही म्हणाले?"

"मी बी तेच म्हणलं, कावून गप बसलात? तर म्हणले, म्याडम इसरल्यात. आठवंल तवा सोता येतील. मानसानं येऊन सांगितल्यालं बरं आसतं." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "लई वाट बघितली वो. दुखन्यात बी कुनी दारात आलं की इचारायचे, म्याडम हायत का?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"कवा आठवलं तुमाला?" त्यांनी विचारलं.

इतक्या लांब आल्यावर खोटं बोलायची सोय नव्हती.

"चौथ्या दिवशी," मी म्हणाले.

त्या उठल्या आणि मेंढरं सोडायला गेल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.