कुलूप कुणी लावलं

सकाळपासून आभाळ कोंदलेलं आणि वारा असा बोचरा, की कानस धरलेली बोटं लाकडं झाली होती. किल्लीवालीनं दोन किल्ल्या घासल्या, तिसरी अर्धवट पकडीतच ठेवली आणि टपरीचं दार ओढून घेतलं. सासू केव्हाची ठेवणीतले कपडे घालून उभी. बायकांचा सिनेमा, त्यात आपली गोष्ट. उशीर केलास तर मी एकटी जाईन, म्हणाली.

गोष्ट दोघींचीच होती. मागच्या साली दिग्दर्शिकाबाई टपरीच्या स्टुलावर चार दुपारी बसून ती ऐकून गेल्या होत्या. नवरा हात उगारायचा. एक दिवस सासूच सुनेला म्हणाली, दाराचं कुलूप बदल, माझा पोरगा पुन्हा या घरात यायला नको. बाईंनी वर्गणी गोळा करून त्यावर सिनेमा काढला.

पडद्यावर कुलूप आलं. पण ते लावत होती सासू, बाहेरून. आत सून कोंडलेली. सासू झालेली नटी दात विचकत होती. पुढच्या रांगेतल्या शेजारणी वळून म्हातारीकडे बघायला लागल्या. म्हातारीनं खाली घातलेली मान दिवे लागले तरी वर केली नाही.

बाई माईकवर आल्या, बायकांच्या आवाजाबद्दल बोलल्या, प्रश्न विचारा म्हणाल्या. किल्लीवाली उठली.

"कुलूप आम्ही त्याला बाहेर ठेवायला बदललं होतं. तुम्ही मलाच आत कोंडलंत."

बाई गोड हसल्या. ही एका घराची नाही, सगळ्याच बायकांची गोष्ट आहे, सासू चांगली दाखवली तर धार जाते, असं समजावू लागल्या.

"सगळ्या बायकांत माझी सासू धरली नाहीत होय? मग शेवटी माझे आभार मानलेत, तेवढे पुसून टाका."

मागून कुणीतरी "बसा आता" म्हणालं. ती बसली नाही. सासूच्या काखेत हात घालून चालती झाली.

टपरीशी आल्यावर म्हातारी म्हणाली, "ती नटी बत्तीस दात दाखवत होती. मला आहेत किती?"

सून हसली नाही. बाईंच्या घराचं कुलूप अडलं तरी किल्ली करून देणार नाही, म्हणाली.

"किल्ली दे. धंदा आहे." म्हातारीनं पायानं स्टूल टपरीखाली ढकललं. "बसायला द्यायचं नाही."

किल्लीवालीनं कानस उचलली आणि तिसऱ्या किल्लीचे दात घासायला घेतले.